वाढत्या उपनगराला मैदान कुठून मिळणार?

प्रश्न : आम्ही बदलापूर पश्चिमेला राहतो. ज्या माळावर पोरं क्रिकेट खेळायची तिथे आता टॉवर आहेत. विकास आराखड्यात आमच्या बाजूला बाग, मैदान अशी आरक्षणं दाखवलेली आहेत, पण जागेवर कुठे गॅरेज आहे तर कुठे भंगाराचं दुकान. सोसायट्यांना १० टक्के मोकळी जागा सोडावीच लागते, मग वेगळं मैदान हवं कशाला, असंही काही जण म्हणतात. आराखड्याचं पुनरीक्षण होईल तेव्हा आम्ही नेमकं काय मागायचं?

उत्तर : दहा टक्क्यांपासूनच सुरुवात करतो. आराखड्यावरच्या हरकतींच्या सुनावणीत हा मुद्दा कोणी ना कोणी काढतोच, आणि मैदान मागणाऱ्याला त्यावर पटकन उत्तर सुचत नाही.

डिसेंबर २०२० पासून मुंबई आणि इतर काही भाग सोडले तर राज्यभर एकच विकास नियंत्रण नियमावली आहे. तिचं पूर्ण नाव लांबलचक आहे, कार्यालयात सगळे यूडीसीपीआर म्हणतात. तिच्यानुसार ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर १० टक्के मोकळी जागा ठेवावी लागते. ४,००० चौरस मीटर म्हणजे जवळपास ४० गुंठे, एक एकर. त्यातली मोकळी जागा ४०० चौरस मीटर. ती सरळ चौकोनी निघाली तर २० बाय २० मीटर. पुरुषांच्या कबड्डीचं मैदान १३ बाय १० मीटरचं, ते बसेल. खो-खोला २७ बाय १६ लागतात, ते बसणार नाही. क्रिकेट-फुटबॉलचं नाव काढू नका.

आता त्याच एकरावर माणसं किती राहतात ते बघा. एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येतं ते प्रमाण, एकच्या आसपास होता तेव्हा साठ-पासष्ट फ्लॅट व्हायचे, म्हणजे अडीचशे माणसं. माणशी दीड चौरस मीटर मोकळी जागा यायची. आज मूळ एफएसआय, त्यावर अधिमूल्य (प्रीमियम) भरून घेतलेला, त्यावर टीडीआर (दुसरीकडे दिलेल्या जमिनीच्या मोबदल्यात मिळणारा, विकता येणारा बांधकामाचा हक्क) आणि वर ॲन्सिलरी (जिने, बाल्कनी वगैरेंसाठीचा जादा) असं सगळं चढवलं की रुंद रस्त्यावरच्या भूखंडाचं बांधकाम अडीचपटीला सहज पोचतं. फ्लॅट होतात दीडशेच्या घरात, माणसं साडेपाचशे. मोकळी जागा मात्र तेवढीच, ४०० चौरस मीटर. माणशी पाऊण मीटरसुद्धा नाही. टक्के जमिनीवर मोजायचे आणि माणसं एफएसआयने वाढवायची, असा हा हिशोब आहे. सुनावणीत दहा टक्क्यांचा मुद्दा निघाला की हा एक परिच्छेद वाचून दाखवा, बाकी बोलायची गरज पडणार नाही.

शिवाय ती जागा निघते कशी, तेही बघा. आर्किटेक्ट आधी इमारती बसवतो, मग पार्किंग, मग अग्निशमन गाडीला वळायची जागा. शेवटी नाल्याकडेला किंवा कोपऱ्यात जे तिरकं-तारकं उरतं, त्यात हिरवा रंग भरून ‘ओ. एस.’, म्हणजे ओपन स्पेस, लिहितो. त्यावरही १५ टक्क्यांपर्यंत क्लबहाउस, जिम वगैरे बांधायची मुभा आहे. जागा त्या भूखंडधारकांच्या सामाईक मालकीची, त्यामुळे पलीकडच्या चाळीतल्या पोराला वॉचमन आत घेत नाही आणि त्याला तसं करायला कोणी भागही पाडू शकत नाही. एकरापेक्षा लहान भूखंडाला तर ही अटच नाही. स्टेशनजवळच्या जुन्या बंगल्यांच्या जागी उठणाऱ्या इमारती बहुतेक याच वर्गातल्या. गुंठेवारीत एक-एक, दोन-दोन गुंठे विकलेले असतात, तिथे रस्ताच धड सुटत नाही, मैदानाचं काय घेऊन बसलात. शाळा, दवाखाना अशा सार्वजनिक सोयींसाठी सोडायच्या सुविधा भूखंडाची अटही आता आराखड्याच्या क्षेत्रात २ हेक्टरांपेक्षा मोठ्या प्रकल्पांपुरतीच उरली आहे. तेव्हा सोसायटीतली मोकळी जागा ही त्या सोसायटीची सोय आहे. शहराच्या खात्यात ती धरू नका.

मग शहराला किती जागा लागते? माणशी १० ते १२ चौरस मीटर हा आकडा तुम्ही वाचला असेल. केंद्र सरकारच्या २०१४ च्या नियोजन मार्गदर्शक तत्त्वांत तो आहे. मी सुनावणीत तो वापरू नका असं सांगतो. एक लाख वस्तीला १० मीटर म्हणजे १०० हेक्टर. ते ऐकलं की समितीतला माणूस हसून पुढचा अर्ज उचलतो. त्याच तत्त्वांत खाली बागांची उतरंड दिली आहे, ती जास्त कामाची. ५,००० वस्तीला अर्ध्या हेक्टरची बाग, १५,००० ला एक हेक्टरची, एक लाखाला पाच हेक्टरची, पाच लाखांना २५ आणि दहा लाखांना १०० हेक्टरची. या पाचही पायऱ्यांची बेरीज माणशी पावणेचार मीटरच्या आत येते. बदलापूरच्या आकाराच्या गावाला पहिल्या तीनच पायऱ्या लागू होतात, त्यांची बेरीज सव्वादोन मीटरच्याही आत. २०११ च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या पावणेदोन लाखांच्या घरात होती. तिच्यासाठी अर्ध्या हेक्टरच्या सुमारे ३५ बागा, एक हेक्टरच्या अकरा-बारा आणि पाच हेक्टरची एक, फार तर दोन. ही यादी घेऊन शहराच्या नकाशावर बोट फिरवा. कुठे काय नाही, हे अर्ध्या तासात कळतं. लोकसंख्या २०११ नंतर कुठे गेली, हे तुम्ही सकाळच्या सीएसएमटी लोकलमध्ये रोज बघताच.

नुसत्या आकड्यांवर जाऊ नका, अंतर बघा. बदलापूरचे मध्य रेल्वेने दोन तुकडे केले आहेत. पूर्वेला कुळगाव, पश्चिमेला जुनं गाव आणि उल्हास नदी. पूर्वेला पाच हेक्टरची बाग झाली तरी पश्चिमेच्या आठ वर्षांच्या मुलाला तिचा उपयोग शून्य. आराखड्याच्या तक्त्यात मात्र ती ‘शहरासाठी’ म्हणून मोजली जाते आणि तूट भरून निघाल्यासारखी दिसते. म्हणून मागणी अशी मांडा : रेल्वेमार्ग किंवा मोठा रस्ता न ओलांडता दहा मिनिटांच्या चालीवर एक बाग, आणि रुळांच्या दोन्ही बाजूंना प्रत्येकी एक तरी दीड-दोन हेक्टरांचं एकसंध मैदान. दीड-दोन का, तर ४०० मीटरच्या धावपट्टीलाच जवळपास १७७ बाय ९३ मीटर लागतात, म्हणजे दीड हेक्टरांहून थोडं जास्त. तिच्या आत फुटबॉल बसतो, कडेला खो-खो, कबड्डी, सकाळी चालणारी मंडळी. तीच जागा अर्ध्या-अर्ध्या एकराच्या आठ-दहा तुकड्यांत दिली तर त्यातल्या एकावरही धावण्याची शर्यत होणार नाही.

आता तुमच्या मूळ दुखण्याकडे येतो. मैदानाच्या आरक्षणावर गॅरेज का?

आराखड्यात एखाद्या गटावर हिरवा रंग भरला आणि साइट नंबर टाकला, म्हणून ती जमीन नगरपरिषदेची होत नाही. सातबारा मूळ मालकाच्याच नावावर राहतो. त्याला तिथे इमारत बांधता येत नाही एवढंच. मग तो पत्रे ठोकतो आणि गॅरेजवाल्याला भाड्याने देतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, त्याची जमीन सरकारी रंगाखाली वर्षानुवर्षं अडकलेली असते. १९६६ च्या प्रादेशिक व नगर रचना कायद्याच्या कलम १२६ खाली ती जमीन घेण्याचे तीन मार्ग आहेत : वाटाघाटीने विकत घेणे, मोबदल्यात एफएसआय किंवा टीडीआर देणे, नाहीतर भूसंपादन.

पैशाने घ्यायची तर हिशोब करून बघा. समजा बाजारभाव चौरस मीटरला १०,००० रुपये. एक हेक्टरचे १० कोटी. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने त्यावर शंभर टक्के दिलासा रक्कम, म्हणजे २० कोटी, आणि व्याजासारख्या रकमा वेगळ्या. अशी तीस आरक्षणं असली की ६०० कोटी. एवढा पैसा नगरपरिषदेच्या अंदाजपत्रकात भूसंपादनाच्या शीर्षाखाली कधीच नसतो. असतो तो एखाद्या रस्त्याच्या वळणापुरता.

टीडीआर हा कागदावर सुंदर मार्ग आहे. गावठाणाबाहेर जमिनीच्या दुप्पट, दाटीच्या भागात तिप्पट हक्क मिळतो. पण टीडीआर ही विकायची वस्तू आहे आणि ती एफएसआयची चणचण असेल तिथेच खपते. छोट्या शहरात बिल्डरला रेडीरेकनरच्या (सरकारी जमीनदराच्या) ३५ टक्के भरून अधिमूल्याचा एफएसआय थेट नगरपरिषदेच्या खिडकीवर मिळतो. मग तो टीडीआर कशाला शोधत बसेल? मालकाला हे पक्कं ठाऊक असतं. तो टीडीआरचं प्रमाणपत्र घेत नाही, दहा वर्षं पुरी व्हायची वाट बघतो.

त्याच १९६६ च्या कायद्याचं कलम १२७ म्हणतं, अंतिम आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत जमीन घेतली नाही तर मालकाने नोटीस द्यावी. नोटिशीनंतर दोन वर्षांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं. पूर्वी नगरपरिषदा एक ठराव करून जिल्हाधिकाऱ्यांकडे प्रस्ताव धाडायच्या आणि ‘पावलं उचलली’ म्हणायच्या. गिरनार ट्रेडर्सच्या खटल्यात २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने तो रस्ता बंद केला. असं पत्र पाठवणं म्हणजे संपादन नव्हे. तेव्हापासून नोटिशींचं काम बरंच सोपं झालं आहे. एखाद्या जाणत्या वकिलाने नोटीस दिली आणि नगरपरिषदेच्या तिजोरीत पैसा नसला की ती साइट गेलीच म्हणून समजा.

माझं मत अनेकांना पटत नाही, तरी सांगतो : आराखड्यात आरक्षणं कमी मागा. पन्नास मागितली की मागणारे खूश होतात, सभागृहात टाळ्या पडतात आणि वीस वर्षांनी पाच हाती लागतात. तीही बिल्डरला नको असलेली. बारा मागा, पण प्रत्येकीसमोर ती जमीन कशी मिळणार हे लिहायला लावा. पुनरीक्षणाच्या अहवालात प्रत्येक आरक्षणापुढे अंमलबजावणीचा मार्ग आणि अंदाजे खर्च असा रकाना हवा, अशी लेखी मागणी करा.

जमीन मिळायची शक्यता कुठे आहे, तर पहिली जागा सरकारी. गुरचरण, गायरान, जुन्या तलावाची जागा, बंद पडलेला खडकाचा खाणपट्टा. २०११ मध्ये जगपाल सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं हटवायला सांगितलं, आणि त्याच वर्षी राज्य सरकारनेही गायरान देण्यावर कडक निर्बंध घातले. त्यामुळे ती आता कोणा संस्थेला सहज देता येत नाही, पण सार्वजनिक वापरासाठी मागायला वाव आहे. तलाठ्याकडून तुमच्या गावच्या सरकारी गटांची यादी काढा. नगरपरिषद झाल्यावर या जमिनी कोणाच्या ध्यानात राहत नाहीत. ज्यांच्या राहतात ते आधीच तिथे पोचलेले असतात.

याच टप्प्यावर एक गोष्ट बहुतेक सगळे हुकवतात. आराखड्याचं काम सुरू झालं की पहिल्यांदा विद्यमान जमीन वापराचा नकाशा बनतो. सर्वेक्षण करणारी पोरं एजन्सीची असतात, दुपारी उन्हात येतात आणि जे दिसतं ते नोंदवतात. दुपारी मैदान रिकामं असतं. गोलपोस्ट नाही, कुंपण नाही, फक्त मधली खेळपट्टी गवत जाऊन टणक झालेली. नोंद होते ‘पडीक’ किंवा ‘रिकामी जागा’. एकदा का तो पांढरा तुकडा झाला की पुढच्या नकाशात तो पिवळा करायला, म्हणजे रहिवास विभागात टाकायला, कोणाचीच हरकत नसते, कारण तिथे काही नव्हतंच ना! एका नगरपरिषदेत वर्षानुवर्षं गावजत्रेची कुस्ती जिथे होते ती जागा अशीच रिकामी म्हणून आली होती. गावकऱ्यांनी जत्रेचे फोटो, पोलिसांनी दिलेले परवाने आणि मंडपवाल्यांची बिलं जोडून अर्ज दिला तेव्हा कुठे नोंद बदलली. तुमच्याकडे अजून शाबूत असलेल्या मैदानांची अशी फाईल आत्ताच तयार करा. शाळेने क्रीडादिनासाठी घेतलेली परवानगी, स्पर्धेची जाहिरात, रविवारी सकाळी काढलेला तारखेसह फोटो, काहीही चालेल. या कामाला आराखड्याची घोषणा व्हावी लागत नाही.

दुसरा मार्ग नगर रचना परियोजनेचा, ज्याला टीपी स्कीम म्हणतात. जिथे अजून शेतं आहेत आणि शहर पुढच्या दहा वर्षांत पोचणार आहे, तिथे याच्याइतका चांगला मार्ग मला माहीत नाही. शंभर हेक्टरांचा पट्टा घ्यायचा, सगळ्यांचे वेडेवाकडे मूळ खंड एकत्र करायचे, रस्ते आणि मैदानं आखायची आणि उरलेली जमीन प्रत्येकाला चौरस, रस्त्याला लागून असलेल्या अंतिम खंडाच्या रूपात परत करायची. शेतकऱ्याची जमीन कमी होते, पण जी राहते तिची किंमत कैक पट होते, म्हणून तो तयार होतो. नगरपरिषदेला मैदानासाठी रोख पैसा मोजावा लागत नाही. गुजरातच्या १९७६ च्या कायद्यात तर उद्याने-मैदानांसाठी ५ टक्के आणि रस्त्यांसाठी १५ टक्के असा हिशोबच लिहून ठेवला आहे. १०० हेक्टरांत ५ हेक्टर, म्हणजे लाख वस्तीची ती मोठी बाग एका स्कीममध्येच निघते.

हे काही परदेशातून आणलेलं तंत्र नाही. देशातला पहिला नगर रचना कायदा १९१५ साली आपल्याच मुंबई प्रांतात झाला. वांद्रे-खारचे टीपीएस रस्ते आणि पुण्यात शिवाजीनगरच्या पत्त्यात अजून लिहिले जाणारे एफ. पी. (फायनल प्लॉट, म्हणजे अंतिम खंड) नंबर त्याच घराण्यातले. पुढे गुजरातने ही पद्धत घासूनपुसून चालू ठेवली. आपण खंडांचे वाद मिटवणाऱ्या लवादाच्या फेऱ्यांत दशकं घालवून ती टाकून दिली आणि नुसत्या आरक्षणांवर भिस्त ठेवली. गेल्या काही वर्षांत पनवेलजवळ सिडकोच्या नैना क्षेत्रात, म्हणजे नवी मुंबई विमानतळाभोवतीच्या नियोजन क्षेत्रात, ती परत आली आहे. तिथे मालकाला ४० टक्के जमीन परत मिळते, आणि शेतकऱ्यांचा राग आहे तो त्याच आकड्यावर. वाटाघाटी करून तो वाढवता यावा, पण पद्धत बरोबर आहे. बदलापूर-वांगणी पट्ट्यात अजून पिवळा न झालेला भाग आहे तोवरच हे मागायचं. एकदा विभाग रहिवासी झाला आणि गट बिल्डरांच्या नावे गेले की कोणी कोणाशी जमीन एकत्र करत नाही. म्हणून तुमची मागणी या वाक्यात लिहा : हिरवा (शेती) पट्टा पिवळा (रहिवासी) करायचा असेल तर टीपी स्कीमच्या अटीवरच करावा.

तिसरी जागा नदीकाठ. उल्हास नदी काय करू शकते हे तुम्हाला २६ जुलै २००५ ला कळलं. २०१९ च्या जुलैमध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं. जलसंपदा खातं पूररेषा आखतं. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत इमारत नको, पण मोकळं मैदान चालतं, आणि तो त्या जमिनीचा खरोखर चांगला वापर आहे. दोन अटी मात्र लिहून घ्या. भराव टाकायचा नाही आणि भिंत बांधायची नाही. नदीकाठ सुशोभीकरणाच्या नावाखाली आधी डंपर येतात, मग पेव्हर ब्लॉक, मग पाणी पलीकडच्या सोसायटीच्या तळमजल्यात. आणि हे मैदान शहराच्या एकूण हिशोबात एकटं मोजू देऊ नका. जून ते सप्टेंबर ते चिखलात असणार, पूर ओसरला की गाळात. शिवाय ते वस्तीपासून लांब असतं, संध्याकाळी सातनंतर तिकडे मुली जात नाहीत.

डोंगरउतारांवर हिरवा रंग भरून काम झालं असं मानायचा मोह सगळ्यांना होतो. पुण्याने समाविष्ट गावांतल्या टेकड्यांवर जवळपास हजार हेक्टरांचं जैवविविधता उद्यान आरक्षित केलं. २०१५ ला सरकारची मंजुरी मिळाली, मोबदला ठरला ८ टक्के टीडीआर. मालकांनी तो कसा स्वीकारावा? मोबदल्याचं भिजत घोंगडं तसंच राहिलं. टेकड्या वाचायला हव्यात यात वाद नाही, पण त्या क्रीडांगणांच्या तुटीत दाखवू नयेत. उतारावर कबड्डी खेळता येत नाही.

मैदान की बाग, हा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण पुढे येईल. नगरपरिषदांना बाग आवडते. कारंजं, हिरवळ, कमान, नावाची कोनशिला आणि संध्याकाळी साडेआठला कुलूप. फलकावर लिहिलेलं असतं की हिरवळीवर चालू नये, चेंडू खेळू नये. बारा ते वीस वयाची मुलं मग रस्त्यावर खेळतात नाहीतर तासाला पैसे भरून टर्फवर जातात, ज्यांच्याकडे पैसे असतात ती. म्हणून मोठ्या तुकड्यावर ‘क्रीडांगण’ असं आरक्षण मागा, लहान तुकड्यांवर ‘उद्यान’. आरक्षणाच्या नावावर पुढे तिथे काय बांधता येईल हे अवलंबून असतं.

दादरचं शिवाजी पार्क बघा. १९२५ साली मुंबई महापालिकेने ते लोकांना खुलं केलं, जवळपास २८ एकर एका तुकड्यात. त्याच्यावर खर्च काय केला? भोवती कट्टा बांधला. एक किलोमीटरहून थोडा जास्त लांबीचा, बसता येईल इतक्या उंचीचा. आत क्रिकेटच्या खेळपट्ट्या एकमेकींना खेटून, बाहेर कट्ट्यावर म्हातारे, प्रेमी, भजी खाणारे. सगळ्यांची एकमेकांवर नजर असते, त्यामुळे रात्रीही तिथे वावरायला भीती वाटत नाही. दहा फुटी जाळीच्या कुंपणाने असं कधीच होत नाही. तुमच्या मैदानाच्या आराखड्यात जाळीऐवजी कट्टा, दोन-तीन बाजूंना उघडी तोंडं, बायकांसाठी स्वच्छतागृह आणि पिण्याचं पाणी, एवढंच लिहा. प्रेक्षागॅलरी मागू नका. गॅलरी आली की तिच्याखाली गाळे येतात, आणि गाळे आले की मैदान गाळेधारकांचं होतं.

आता हरकत कशी लिहायची. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की ३० दिवस मिळतात. पहिल्याच आठवड्यात तुमच्या भागाचा भाग नकाशा आणि अहवाल विकत घ्या. ‘आमच्या विभागात मैदान हवे’ असा मोघम अर्ज देऊ नका, त्याची नोंद होते आणि विषय संपतो. अर्ज साधारण असा असावा : “मौजे अमुक, गट क्रमांक अमुक, क्षेत्र १.६० हेक्टर, सातबारावर महाराष्ट्र शासन, सध्या खेळाचे मैदान म्हणून वापरात, पुरावे सोबत. प्रारूपात रहिवास विभाग दाखवला आहे. रेल्वेच्या पश्चिमेस एक हेक्टरापेक्षा मोठे एकही क्रीडांगण प्रस्तावित नाही. सदर गट क्रीडांगणासाठी आरक्षित करावा. जमीन शासकीय असल्याने संपादन खर्च नाही.” एका अर्जात एकच गट. पन्नास जणांनी एकाच मजकुरावर सह्या करण्यापेक्षा पन्नास वेगळे अर्ज दिले तर प्रत्येकाला स्वतंत्र सुनावणी द्यावी लागते. प्रत्येक अर्जाची शिक्क्यासह पोच घ्या.

सुनावणी घेते ती नियोजन समिती. तिच्यात तीन सदस्य लोकप्रतिनिधींमधले आणि चारपर्यंत नगर रचना संचालकांनी नेमलेले. तिच्यासमोर पाच-सात मिनिटं मिळतात. ऐकतात ते बाहेरून आलेले सदस्य, म्हणून नकाशा त्यांच्यासमोर ठेवून बोला. भाषण नको. कोणा बिल्डरवर आरोप तर अजिबात नको, विषय भरकटतो.

समितीनंतर आराखडा सरकारकडे जातो आणि इथे बहुतेक नागरिक झोपी जातात. खरी काटछाट याच टप्प्यावर होते. आरक्षण वगळायचं किंवा अर्धं करायचं असेल तर तो सारभूत, म्हणजे मोठा, बदल ठरतो. तेवढा भाग वेगळा काढून सरकार बाकीचा आराखडा मंजूर करतं, आणि वगळलेला भाग नकाशावर ‘ई. पी.’ (एक्सक्लूडेड पार्ट) अशा खुणेने येतो. त्यावर पुन्हा सूचना-हरकती मागवतात, राजपत्रात आणि एखाद्या स्थानिक दैनिकात, आतल्या पानावर, बारीक टायपात. पुढेही कलम ३७ खाली फेरबदल करून आरक्षण उठवता येतं, त्यालाही अशीच नोटीस लागते. बंगळूरमध्ये उद्यानासाठी ठेवलेली जागा खासगी शुश्रूषागृहाला देण्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली रद्द ठरवला होता, उद्यानाचा वापर असा मर्जीने बदलता येत नाही म्हणून. बंगळूर मेडिकल ट्रस्ट विरुद्ध मुद्दप्पा हे नाव अर्जात लिहा, फायदा होतो. पण त्यासाठी वेळेत हरकत दिलेली असायला हवी. तुमच्यापैकी एकाने राजपत्र आणि दैनिक दर आठवड्याला चाळायचं काम अंगावर घ्या, आणि ई. पी. ची नोटीस निघाली की त्याच मुदतीत पहिल्या अर्जाची पोच जोडून नवा अर्ज टाका.